म्हातारीचा ब्रेक

मोप्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, दत्ताराम परबाची जीप ठाऊक नाही असा माणूस नव्हता, आणि तिने अर्ध्या वाटेत उतरवून ढकलायला लावलं नाही असाही नव्हता. डिचोलीच्या एका खाणवाल्याने लिलावात काढलेली ही गाडी दत्तारामने घेतली तेव्हाच ती वयस्क होती. लोक तिला म्हातारी म्हणत. काजूच्या मोसमात बोंडांच्या पाट्या वाहायच्या आणि उरलेलं वर्ष अंगणात बसून मालकाकडून लाड करून घ्यायचे, एवढंच तिचं काम. दत्तारामची बायको विमला म्हणायची, "सासू गेली तेव्हा वाटला, सुटलंय. पण अंगणात ही होतीच."

सत्त्याऐंशी साल होतं. फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली होती, मेअखेर गोवा घटक राज्य होणार हेही पक्कं झालं होतं. दिल्लीहून अख्खं राज्य मिळत होतं, पण म्हातारीला पुढच्या चाकाचा ब्रेक ड्रम काही मिळेना. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसणारं बिडाचं जाड भांडं. ब्रेक दाबला की आतले पट्टे त्यालाच घट्ट धरतात. म्हातारीचा ड्रम तडकला होता. नव्या जीपांचे ड्रम मोठे, हिचे जुन्या मापाचे, नऊ इंची, आणि तसले घडवणं कंपनीने कधीच बंद केलेलं.

एरवी दत्ताराम ब्रेकवाचून थांबला नसता, म्हणजे दोन्ही अर्थांनी. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात गौरवीचं, त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. मुलगा सुर्ल्याचा, दत्तप्रसाद नावाचा, खाणीच्या कचेरीत कामाला. मुलगा चांगला, घर चांगलं. अडचण एकच होती, सुर्ल्याचा रस्ता. खनिजाच्या ट्रकांनी रोज उखडलेला, आणि शेवटी घरापर्यंत नुसता उतार.

"ब्रेक नसलेल्या गाडयेत माजा चेडू बसूचा नाय," विमलाने ठणकावून सांगितलं. "मधुकराक सांगान ठेवलंय. तो ॲम्बेसिडर घेवन येता."

मधुकर हा विमलाचा म्हापशाचा भाऊ. ॲम्बेसिडरचं नाव ऐकताच दत्तारामचं तोंड कारल्यासारखं झालं. कारण त्याने लेकीला शब्द दिला होता.

झालं होतं असं. गौरवी चार वर्षांची असताना तो तिला पुढे बसवून सड्यावरून उतरत होता आणि म्हातारीचा ब्रेक गेला. गाडी सुसाट सुटली, एका कुंपणातून आरपार गेली आणि खाली कुणाच्या तरी गवताच्या उडवीत तोंड खुपसून थांबली. दत्तारामने डोळे उघडले. शेजारी बघतो तर पोरगी टाळ्या पिटतेय. "बाबा, परत एकदा!" त्या क्षणी जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिला पोटाशी धरून तो म्हणाला होता, "बाये, तुजी वरात ह्याच जीपातसून काडतलंय." त्या घाबरगुंडीत त्याने आणखीही एका ठिकाणी शब्द दिला होता, पण तो त्याच्या चांगलाच विस्मरणात गेला होता. माणसाला पोरीला दिलेला शब्द आठवतो, देवाला दिलेला आठवतोच असं नाही.

गौरवी मात्र काही विसरली नव्हती. "बाबा, म्हातारी चालू झाली नाय तर मी चलत जायन," ती म्हणाली. "पण ॲम्बेसिडरात मी बसूचंय नाय." आता लग्नाची मुलगी असं बोलल्यावर बापाने काय घरी बसावं?

दत्ताराम निघाला. म्हापशाची दुकानं झाली, तिथे पोरंटोरं त्याला नव्या मापाचे ड्रम दाखवून दमली. सावंतवाडीच्या गॅरेजात एकाने सांगितलं, खाडीकाठच्या चोपड्याला एका रापणकाराकडे, म्हणजे रापणीच्या जाळ्याने मासे धरणाऱ्याकडे, तसला ड्रम आहे. दत्ताराम चोपड्याला धावला. ड्रम होता, अगदी नऊ इंची होता, पण रापणकाराने तो होडीला नांगर म्हणून बांधला होता. बरीच वर्षं खाडीचं पाणी पिऊन त्याची चाळण झालेली. हात लावताच काठाचा तुकडा हातात आला. "न्हेवंचो जाल्यार न्हे," रापणकार उदारपणे म्हणाला, "पण माका बदली दुसरो नांगर दी."

"लोकांका अक्कल नाय," घरी येऊन दत्ताराम बायकोला सांगू लागला. "गाडयेचो भाग कोण नांगराक बांधता? ज्याचा काम त्याका करूक देवचा."

विमलाने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चुलीवरची आमटी उतू जातेय म्हणून धावली.

असा प्रत्येक ठिकाणाहून हात हलवत परतला की दत्ताराम वाटेत सातेरीच्या देवळात शिरायचा. मंडपात टांगलेली काळीभोर घंटा दांडक्याने ठण्णकन वाजवायचा, हात जोडायचा आणि आईला म्हणायचा, "बाये, तुज्याकडे दुसरा काय मागणा नाय. एक ड्रम दी." आई ऐकत असे. तिचा काही दोष नव्हता.

या देवळात लोकांच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान सगुणचा. सगुण म्हणजे दत्तारामचा लहानपणापासूनचा जिगरी दोस्त, पण गेले काही महिने दोघांचं बोलणं बंद होतं. कारण राजभाषा. दत्ताराम मराठीवाला, सगुण कोकणीवाला. तवेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसून काजूच्या हुर्राकाचे पेले आपटत दोघे कडाकडा भांडले होते. मजा अशी की दोघेही ज्या बोलीत भांडले ती एकच होती, ऐकणाऱ्याला पत्ता लागला नसता की कोण कुठल्या बाजूचा. पण भांडण खरं होतं. दत्ताराम देवळात आला की सगुण समईच्या वाती सारख्या करत राहायचा, आणि घंटेखाली चाललेली ड्रमची याचना कान देऊन ऐकायचा. तेव्हा त्याच्या मिशीत काहीतरी हलायचं.

लग्न तोंडावर आलं. शेवटचा उपाय म्हणून दत्ताराम सुर्ल्याला धाकूच्या भंगारात गेला. धाकू मूळचा दोडामार्गाकडचा. खाणीवर ट्रक धुवायला आला आणि मेलेल्या ट्रकांवर चांगलं बस्तान बसवलं. त्याच्या आवारात लोखंडाचा नुसता डोंगर होता.

"नऊ इंची नाय गावूचो, परबांनू," धाकू म्हणाला. "पण एक मोठो असा, लेथीवर घालून काय जमता काय बघया." त्याने ढिगातून एक ड्रम ओढून काढला, दोरीला टांगला आणि हातोडी घेतली. धंद्यातली रीत ती. तडा डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो. फुटका ड्रम बद्द वाजतो, चांगला खणखणतो. धाकूने हातोडी घातली.

ठण्ण!

आणि दत्तारामने डोळे मिटून हात जोडले.

धाकू बघतच राहिला. "परबांनू, हात कोणाक जोडलात?"

दत्तारामने डोळे उघडले. समोर भंगार, दोरीला लोंबणारा ड्रम, जोडलेले स्वतःचे हात. त्याने एकदा ड्रमकडे पाहिलं, एकदा हातांकडे, आणि मटकन ट्रकच्या टायरवर बसला. पंधरा वर्षांपूर्वीचं सगळं एकदम डोक्यात आलं. उडवीत घुसलेली गाडी, पोटाशी धरलेली पोर, आणि सातेरीला बोललेला नवस: "आई, चेडवाक वाचवलंस, तुका घंटा घालतंय." मग पितळेच्या घंटेचा भाव ऐकल्यावर आलेलं शहाणपण. जीपबरोबर लिलावात मिळालेला एक जादा ड्रम घरी पडूनच होता. आवाज खणखणीत. देवीला आवाजाशी काम! त्याने स्वतःच्या हाताने त्याला काळा रंग देऊन मंडपात टांगला होता.

"तेकाच बडवतंय," तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आणि तेचीच मागणी करतंय!"

धाकूला काही कळलं नाही. पण गिऱ्हाईक रडतंय की हसतंय हे समजेना, तेव्हा त्याने चहा मागवला.

आता पंचाईत अशी की टांगलेला ड्रम काढून आणणं हे स्क्रू काढण्याइतकं सोपं नव्हतं. देवाला वाहिलेली वस्तू देवाची. परत हवी तर देवीला विचारायचं, प्रसाद लावायचा, गाऱ्हाणं घालायचं. आणि गाऱ्हाणं घालणारा सगुण. दत्ताराम दोन दिवस घरात येरझारा घालत राहिला. एका बाजूला लेकीची वरात, दुसऱ्या बाजूला मराठीचा अभिमान. तिसऱ्या दिवशी अभिमान गोठ्यात बांधून तो सगुणच्या अंगणात उभा राहिला.

"ड्रम गावलो," तो म्हणाला.

"गावतलोच," सगुण म्हणाला. "माका ठावक होतो."

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"तू माज्याशी बोलत खय होतंस? न बोलणाऱ्या माणसाक सांगूचा कसा?"

दत्तारामने मान डोलावली. ती ना मराठीत होती ना कोकणीत.

शुक्रवारी देऊळ भरलं. अशी गोष्ट वाऱ्यावर पोचते. सगुणने देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग तो हात जोडून उभा राहिला आणि घसा साफ केला. इतक्या महिन्यांचं न बोललेलं त्याच्या पोटात साठलं होतं.

"गे बाये सातेरी! आज ह्यो तुजो दत्ताराम तुज्या पायांकडे इलो असा. पंधरा वर्सांमागे ह्येच्या चेडवाक तू वाचवलंस, म्हणान ह्येणा तुका घंटा बोललेली."

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

"घंटा म्हणजे पितळेची, असा तुका वाटला, आमकाय वाटला. ह्येणा गाडयेचा लोखंड आणून टांगल्यान. तू मायेची, काय बोललंस नाय. आता ह्येका ता लोखंड परत होया झाला!"

"व्हय म्हाराजा!" आता बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दत्ताराम फरशीकडे बघत होता. फरशीला तरी त्याची दया येवो.

"तर बाये, देवचा असात तर उजवो प्रसाद दी."

सगळे पाकळ्यांकडे बघू लागले. पाकळ्या हलेनात. समईची वात थरथरली, कुणाचं तरी मूल रडलं आणि गप्प झालं, तरी पाकळ्या जशाच्या तशा. दत्तारामच्या कपाळावर घाम आला. आत्तापर्यंत थट्टा होती, पण आता त्याला खरंच भीती वाटली. लेक समोर खांबाला टेकून उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू मावळत चाललं होतं, आणि ते त्याला बघवेना.

"घंटा घालतंय!" तो एकदम ओरडला. "पितळेची! बोललेली तीच!"

उजवी पाकळी पडली.

देऊळ हसण्याने दणाणलं. सगुण गाऱ्हाण्याचा सूर सोडून म्हणाला, "बघ, आई ती आई. पंधरा वर्सां वाट बघल्यान, पण सोडल्यान नाय." आणि इतक्या महिन्यांनी दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला.

मधुकरने म्हापशाहून ॲम्बेसिडरऐवजी घंटा आणली. ड्रम उतरवला, काळा रंग खरवडला. आत तेलाचा ओशट थर होता, म्हणून गंज नावाला नव्हता. थर पुसला की झालं. तड्याची तपासणी करायची गरजच नव्हती, गावाने ती रोज करून ठेवली होती.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी मात्र भटजी अडून बसले. मुलीच्या बापाने वरातीबरोबर जायचं नसतं.

"बाप म्हणान खय जातंय?" दत्ताराम चाव्या खुळखुळवत म्हणाला. "डायवर म्हणान जातंय."

भटजींच्या पोथीत ड्रायव्हरविषयी काही नव्हतं. विमलाने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने म्हातारीला हळद-कुंकू लावलं, आणि मग तोंड फिरवून आत गेली.

वाटभर दत्तारामचं लक्ष पायाखाली होतं. वळण आलं की ब्रेक दाबून बघायचा, लागला की मान हलवायचा. मागे गौरवी आणि दत्तप्रसाद. हाताने मुंडावळ्या सांभाळत दत्तप्रसाद प्रत्येक ट्रक आला की डोळे मिटत होता, आणि गौरवी त्याला हसत होती. खनिजाची लाल धूळ नव्या कपड्यांवर बसत होती. ट्रकवाले वाट देत होते.

मग शेवटचा उतार आला. खाली मांडव दिसला, ओवाळायला उभ्या असलेल्या बायका, हातात दिवे. दत्तारामने ब्रेक दाबला. म्हातारी हूं की चूं न करता दाराच्या बरोब्बर समोर थांबली. इतका चांगला ब्रेक तिला उभ्या जन्मात लागला नव्हता.

ज्या ड्रमसाठी त्याने दोन महिने गोवा पालथा घातला, देवीशी घासाघीस केली, त्या ड्रमने आपलं काम चोख केलं होतं. आणि दत्तारामला वाटलं, नसता लागला तर? थोडी पुढे गेली असती. पुढच्या वळणापर्यंत. कुणाच्या तरी गवताच्या उडवीपर्यंत.

मागून गौरवी पुढे वाकली. "बाबा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "परत एकदा?"

दत्तारामला हसायचं होतं. त्याने नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

गौरवी उतरली. ओवाळणं झालं, माप ओलांडलं गेलं, ती आत दिसेनाशी झाली. वरमाईने बाहेर येऊन हाक मारली, "व्याह्यांनू, उतरा मरे. चाय तरी घेवा."

"नको," दत्ताराम समोर बघतच म्हणाला. "उतार असा. ब्रेकावरचो पाय काडलंय तर म्हातारी पुढे जायत."

आईमागून बाहेर आलेल्या दत्तप्रसादने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मुंडावळ्या कपाळावर मागे टाकून तो कडेला गेला, एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि नव्या धोतराला माती लावत तो चाकाखाली नीट बसवला.

तरीही दत्तारामने पाय काढला नाही.