त्या जगातलं कारण

मायानं ‘प्रवेश बंद’ हे शब्द पुन्हा खोडले. कंपनी अंतराळ-सफरीचा गेम बनवत होती. ज्या ग्रहांचं काम अजून झालं नव्हतं, तिथून खेळणाऱ्याचं यान माघारी वळवायचं होतं, आणि त्याची कारणं लिहिणं हे मायाचं काम.

“कारण त्या जगातलंच पाहिजे,” पुण्याच्या ऑफिसातून तिची वरिष्ठ रेश्मा फोनवर म्हणाली. “आपण त्याला येऊ देत नाही, असं त्याला वाटताच कामा नये.”

“मग काय वाटावं?”

“की तिथल्या बिचाऱ्यांचा नाइलाज आहे.”

माया हसली. मलकापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून तेवढाच काय तो आवाज झाला. नवरा शंभूराज पलटणीत, दूर सीमेवर. दोन्ही घरांना न विचारता लग्न केलं, तेव्हापासून तिच्या वडिलांनी, आप्पांनी, बोलणं टाकलं होतं. पण यंदा बिरोबाच्या जत्रेला कवठे महांकाळकडं माहेरच्या गावी जायचंच, असं तिनं मनाशी धरलं होतं. देवासाठी भंडाराही आणून ठेवला होता.

रेश्माचा फोन ठेवून तिनं आईला लावला.

“आये, उद्या येऊ का? आप्पा काय म्हणले?”

सुलाबाई जराशा घुटमळल्या.

“आगं, भावकीत सुतक पडलंय. औंदा देवाला निवद बी न्हाई आपला. येऊन काय करशील?”

“कोण गेलं?”

“लांबचं हाय गं. तू न्हाई वळखत.” मग फोन तोंडापासून बाजूला गेला आणि सुलाबाई सुनेवर ओरडल्या, “आगं हरणे, पुरण बुडाला लागलं बघ! निवदाचं हाय, ध्यान कुटं हाय तुजं?”

पलीकडं फोनवर घाईनं हात दाबल्याची खरखर झाली. आपण काय बोलून बसलो, ते सुलाबाईंनाही कळलं असावं.

मायानं भंडाऱ्याच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“सुतक हाय म्हंजे कसं येणार,” ती म्हणाली. “आनि मला तरी कुटं सुट्टी हाय, आये? काम लय साचलंय. कुनी इचारलं, तर तसंच सांग.”

“व्हय. सांगते.”

“आये, फिटंल कवा सुतक?”

सुलाबाईंनी आवाज खाली आणला.

“तुज्या आप्पास्नीच ठावं, पोरी.”

मग दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.