आईचे पहारेकरी

या मंडळी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसा. एका आईची गोष्ट सांगतो. ऐकून घरी गेलात की झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवाल, एवढं नक्की.

ती कपडे शिवायच्या कारखान्यात बाह्या जोडायची. तिला एचआयव्ही होता, गोळ्या नियमित चालू होत्या. संध्याकाळच्या गोळीची आठवण सासूच करायची, "घे आधी, मग भांड माझ्याशी."

एकदा कारखान्याच्या दारात एचआयव्हीच्या रक्ततपासणीची गाडी आली. सासू नऊ महिन्यांच्या नातीला कडेवर घेऊन आली होती. म्हणाली, "आलोच आहोत, तर हिचंही बघून टाका." तपासणाऱ्यानेही काही न विचारता टोचलं. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. "म्हणजे लागण," तो म्हणाला.

त्या दिवसापासून आईने लेकीला उचललंच नाही. पोर रांगत पायाशी आली की ती आपली खुर्ची मागे सरकवायची. "माझ्यामुळेच झालं. आणखी काय देऊ तिला?"

सासूच्या जिवाला घोर लागला. दोघींना घेऊन ती दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडे गेली. ताईंनी सगळं ऐकलं आणि पोरीला मांडीवर घेतलं.

"आजी, ती पट्टी विषाणू शोधत नाही. त्याच्याशी लढायला शरीर पहारेकरी उभे करतं, ते शोधते. पोटात असतानाच आईने आपले पहारेकरी हिच्यासोबत पाठवलेत. दीड वर्षापर्यंत रेंगाळतात ते."

"म्हणजे आईनं बांधून दिलेली शिदोरीच की!"

"तसंच. विषाणू शोधायची तपासणी वेगळी. आधी इथे केलेली स्वच्छ होती, आज पुन्हा करू. आणि तू गं, उचलल्यानं काही होत नाही, हे कितीदा सांगू तुला?"

तरी ती हात आखडूनच बसली.

देवाची कृपा, काही दिवसांनी अहवाल आला. विषाणू नव्हता. ताईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईने लेकीला असं कवटाळलं की पोर किंचाळली.

"अगं, श्वास तरी घेऊ दे तिला!" सासू ओरडली आणि स्वतःच पदरात तोंड घालून रडू लागली.

पुढे पोरीला दीड वर्ष उलटल्यावर पट्टीवर एकच रेघ आली. पहारेकरी आपलं काम करून गेले होते.

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या आईची आठवण ठेवा. प्रेमापोटीच हात आखडून बसली होती ती.