वर्गातली खरी पोरं

कडाव गावात गौराबाईशी बांधावरून भांडायला जाणारा माणूस आधी पोटभर जेवून निघायचा, कारण परत कधी येईल याचा नेम नसे. असं तिचं तोंड. पण चारचौघांत कुणी “तुजी हिरू कशी हाय गं?” असं विचारलं, की हेच तोंड शिवल्यासारखं बंद व्हायचं. लग्नाकार्याला गौराबाई एकटीच जायची आणि “पोरीला ताप हाय” म्हणून सांगायची. चौदा वर्षांत हिरूला जितके ताप आले, तितके साऱ्या कर्जत तालुक्यालाही आले नसतील.

हिरूला ताप नव्हता. ती बोलत नव्हती, हाक मारली तर वळून बघत नव्हती, आणि ताटातल्या भाताला वरण लागलं तर ते ताट भिंतीवर जायचं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या या वळणाला एक इंग्रजी नाव सांगितलं आणि यावर औषध नाही म्हणाले. पोरीचा दिवस रोज सारखा ठेवा, घाई करू नका, शिकेल, एवढंच काय ते त्यांचं सांगणं. गौराबाई वाटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या आवणीला चिखलात उभी राहिली. शेत कुणाच्या रडण्यासाठी थांबतं?

गावात सफिया शिवणकाम करायची. तिचा धाकटा भाऊ मुनाफ वीस वर्षांचा, तोही याच वळणाचा. एके दिवशी चोळी शिवता शिवता ती म्हणाली, “वैनी, तुजी एक, माजा एक. दोगांना एका जागी बसवू. घरात कोंडून काय त्यांचं लोणचं घालायचंय?” दुसरं कुणी असं बोललं असतं तर गौराबाईने त्याला उभा चिरला असता. सफियाला मात्र ती म्हणाली, “बसवू.”

सोसायटीचं जुनं भाताचं गोदाम रिकामं पडलं होतं. पंचायतीने सोसायटीला सांगून ते तीन वर्षांसाठी मिळवून दिलं. आजूबाजूच्या वाड्यांतून आणखी चार पोरं आली आणि सहा जणांचा वर्ग झाला. वर्ग म्हणजे तरी काय? सकाळी दुधाचा टेंपो कर्जतला गेला, की सगळे सफियाच्या पडवीत जमायचे. ती प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं गोणपाट द्यायची. ते काखेत मारून रांगेने गोदामात जायचं, आपापल्या जागी अंथरायचं आणि बसायचं. मग वाल निवडायचे, मग पाणी, मग दोरी वळायची, मग घर. रोज हेच आणि याच क्रमाने. फळा नव्हता, छडी नव्हती आणि घंटा तर नव्हतीच, कारण घंटा ऐकली की मुनाफ कानांवर हात दाबून वाट फुटेल तिकडे धावत सुटायचा.

तीन वर्षांत हिरू काय शिकली, ते ऐकून लोक हसतील. ती चार जणांत बसून जेवायला शिकली. वेणी घालून घ्यायला शिकली. आणि तहान लागली की तांब्या भिरकावण्याऐवजी आईचं मनगट धरून तिचा हात माठावर नेऊन ठेवायला शिकली. पहिल्यांदा तिने तसं केलं, तेव्हा गौराबाई माठाला टेकून ढसाढसा रडली आणि पाणी द्यायचंच विसरली. हिरूने तिचा हात पुन्हा उचलून माठावर ठेवला. ही मनगटाची भाषा मात्र आई आणि सफिया यांच्यापुरतीच. परक्या माणसाची सावलीसुद्धा हिरूला खपत नसे.

माघ महिन्यात तीन वर्षं भरली आणि सोसायटीला खतासाठी गोदाम परत हवंसं झालं. सरपंचांनी मधला मार्ग काढला. जिल्ह्याच्या कचेरीतून, अलिबागहून, एक साहेब येऊन वर्ग बघतील. त्यांनी वर्ग हवा असं लिहून दिलं तर गोदाम राहील, नाहीतर महिन्याभरात रिकामं करायचं.

इथे कोंडाजी मास्तर कामाला आले. मास्तरांनी तीस वर्षं शाळा चालवली होती आणि तपासणीची विद्या त्यांना तोंडपाठ होती. साहेब येणार म्हटलं की कच्च्या पोरांना आदल्या दिवशी ‘उद्या घरीच राहा रे’ म्हणायचं आणि हुशार पोरं पुढे बसवायची. शाळेला कधी वाईट शेरा म्हणून आला नाही.

“गौराबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची,” मास्तर म्हणाले. “साहेबासमोर तुझी हिरू किंचाळली, मुनाफ पळाला, तर साहेब काय लिहील? मी आठ चांगली पोरं आणतो. तुमची पोरं तेवढा वेळ सफियाच्या मागच्या पडवीत ठेवा.”

“पण मास्तर, मंग सायेब बगनार कुनाला?” सफियाने विचारलं.

“तू तुझी शिलाई बघ.”

गौराबाईने होकार दिला. तिला यात काही वावगं वाटलंच नाही. पोरीला लपवायची चौदा वर्षांची सवय होती, त्यात आणखी एक सकाळ.

साहेब आले. किडकिडीत बांधा, काखेत फाइल, माणूस मवाळ दिसत होता. गोदामात आठ पोरं तेल लावून, भांग पाडून हिरूच्या आणि मुनाफच्या जागांवर बसली होती. मास्तरांनी मान हलवताच पोरांनी तेराचा पाढा म्हटला. मग एका पोराने घाट चढणाऱ्या गाडीची कविता म्हटली. साहेबांनी टाळी वाजवली. दाराशी उभ्या गौराबाईचा जीव भांड्यात पडला.

“शाबास,” साहेब म्हणाले. “मास्तर, ही मुलं तर फारच हुशार आहेत. मग यांना वेगळा वर्ग कशाला? कुठल्याही शाळेत बसतील. मी तसंच लिहितो. गोदाम सोसायटीला देऊन टाका.” त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि पेनाचं टोपण लावलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते हेच. मास्तरांनी आ वासला तो मिटेचना. गौराबाईच्या मात्र डोक्यात तिडीक गेली आणि ती मास्तरांवर नव्हती. ज्या खोलीत आपली पोर माणसांत आली, तीच खोली आपण पोरीला लपवून घालवली, हे तिला लख्ख दिसलं. मूठ झाकता झाकता मुठीतलंच गेलं होतं.

“सायेब, जाऊ नका,” ती म्हणाली. “ही आमची पोरं नायत.”

मास्तर खाकरले आणि त्यांनी डोळे वटारले.

“मास्तर, डोळे नका दाखवू. चूक माजी बी हाय. सायेब, आमची पोरं आमी लपवून ठेवली. घटकाभर बसा, आनते.”

सफियाच्या मागच्या पडवीत वेगळाच गोंधळ होता. टेंपो जाऊन दोन तास झाले तरी कुणाच्या हातात गोणपाट पडलं नव्हतं. हिरू भिंतीशी डुलत होती आणि तिच्या मनगटावर दातांचे वळ उठले होते. मुनाफ येरझारा घालत होता. गौराबाईने हात धरून ओढायला पाहिलं तर हिरू जागची हलेना.

“सफिया, गोनपाटं काढ. वर्ग भरवायचा.”

“आता? वैनी, सायेब—”

“सायबासमोरच.”

सफियाने डोळे पुसले आणि गोणपाटांची चवड आणली. एकेकाच्या हातात त्याचं त्याचं गोणपाट पडलं तशी पडवी निवली. हिरूने आपलं काखेत मारलं आणि स्वतःहून रांगेत उभी राहिली. हे साधं पोत्याचं फडकं होतं, पण दिवस आता सरळ रुळावर आला हे तिला त्याने कळलं.

रस्त्यावर ऐन वर्दळीची वेळ होती. किराणा दुकानाच्या फळीवर बसलेल्या गजाने हाक मारली, “गौराबाय, आज हिरूला ताप नाय का गं?”

“नाय रं गजा,” गौराबाई म्हणाली. “कदीच नव्हता.”

ती भरभर चालली नाही, की हिरूच्या तोंडावर पदर घेतला नाही. मागे दहा-पंधरा माणसं बघायला निघाली. येऊ देत, तिने म्हटलं.

गोदामात शिरताच मुनाफने परकी पोरं पाहिली, कान दाबले आणि तो बाहेर पळाला. रांगेतल्या एका पोराने भोकाड पसरलं. साहेब बावचळून उठून उभे राहिले. हिरू मात्र सरळ आपल्या जागेशी गेली. तिथे मास्तरांचा भाचा बसला होता. ती त्याच्यापुढे उभी राहिली. तीन वर्षांपूर्वीची हिरू असती, तर त्या पोराची धडगत नव्हती.

हिरूने आजूबाजूला पाहिलं. आई दूर दाराशी, सफिया मुनाफच्या मागे. जवळ फक्त साहेब होते. ती त्यांच्याकडे गेली, त्यांच्या तोंडाकडे न बघता त्यांचं मनगट धरलं, त्यांना चार पावलं चालवत आणलं आणि त्यांचा हात भाच्याच्या खांद्यावर ठेवला. मग थांबली. ओरडली नाही, डुलली नाही, नुसती थांबली.

साहेबांनी पोराकडे पाहिलं, हिरूच्या काखेतल्या गोणपाटाकडे पाहिलं.

“बाळ, ऊठ,” ते म्हणाले. “ही जागा तिची आहे.”

पोरगा उठला. हिरूने गोणपाट अंथरलं, चारी कोपरे हाताने सारखे केले आणि वालाचं सूप पुढे ओढून निवडायला बसली. गौराबाईची छाती अशी भरून आली, की ओसरीवर खंडीभर भात आलं तेव्हाही आली नसेल. परक्या माणसाला पोरीने हात लावला होता, आपलं म्हणणं सांगितलं होतं, आणि त्या माणसाला ते कळलं होतं.

आठही पोरं बाहेर गेल्यावर मुनाफ परत आला. रडणारा पोरगा रडतच राहिला, तरी त्याचे हात वाल निवडत होते. साहेब तासभर जमिनीवर बसून बघत राहिले. एकदा त्यांनी मदत म्हणून एक दाणा उचलून ढिगात टाकला. हिरूने तो काढून दुसऱ्या ढिगात ठेवला. साहेब हसले.

“हे हिला कुणी शिकवलं?”

“आमी,” गौराबाई म्हणाली. “ह्याच खोलीत.”

साहेबांनी फाइल मांडीवर घेतली आणि मघाचा कागद फाडला. “वर्ग हवा, असं लिहितो. गोदाम याच पोरांचं राहील. पण पटावर नावं लागतील, आणि खरी.”

मास्तर खिशातली यादी काढत पुढे झाले. गौराबाईने त्यांना हाताने अडवलं. दारात सारा गाव उभा होता. तिने एकदा गावाकडे पाहिलं आणि अगदी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

“मी सांगते, लिवा सायेब. पयलं नाव हिरू. हिरू नागू भोईर. माजी लेक हाय ती.”