झिपाकोची झूल

मी झूल बोलतेय. हो, बैलाच्या पाठीवरची. लाल अंग, पिवळी किनार, ठायी ठायी आरसे आणि कोपऱ्यांना गोंडे. पण माझ्या अंगात बैलाचा घाम थोडका मुरलाय, एका पोरीचा जास्त. ते कसं, हे सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल. बसा.

माझा जन्म बाळापूरचा, आयशाबीच्या हातचा. आयशाबीला अक्षर येत नव्हतं, टेपवरचे आकडेही कळत नव्हते. तिचं माप सुतळीचं. बैलाच्या खांद्यापासून शेपटीपर्यंत सुतळी ताणायची, वितीवितीवर गाठ मारायची आणि ती सुतळी भिंतीच्या खिळ्याला टांगायची. खिळ्यावर चाळीसेक सुतळ्या लोंबत असायच्या. कोणती कोणत्या बैलाची, ते आयशाबी नुसत्या बोटांनी ओळखायची. "हे भगवंतरावाचा मारका. हे पातूरवाल्याचा, बसला का उठत नाई तो." आणि तिचा एकच नियम होता. ज्याचं माप, त्याचीच झूल.

आम्ही दोघी जुळ्या. मी चांद्याची, माझी बहीण तुऱ्याची. दोन्ही बैल वामनरावाचे, मन नदीपलीकडच्या शिवारातले. वामनराव स्वतः कापड निवडायला आला होता. "भाबी, आरसे असे लावजा का चांद्या निघाला तं सूर्यानं डोळे मिटले पाह्यजेत!" आयशाबीनं मला एक आरसा जास्तच लावला.

ते साल दोन हजार चारचं. पावसानं तोंड फिरवलं. विहिरीत बादली बुडाला आपटायला लागली, कडबा संपला. पोळा आठ दिवसांवर असताना वामनरावानं जोडी बाजारात नेली आणि नुसती दावी हातात घेऊन परत आला. आमच्याकडे तो फिरकलाच नाही. कोणत्या तोंडानं येणार?

दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, पण आयशाबीनं त्याला वाटेला लावलं. "वामनभाऊ उद्या जोडी घिऊन आला, तं काय तुमची टोपी घालू त्याच्या बैलाले?" मग तिनं कडुलिंबाचा पाला टाकून आम्हा बहिणींना लोखंडी पेटीत ठेवलं.

पेटीत चार वर्षं गेली. कोणाचे बैल विकले गेले, कोणाकडे भाड्याचा ट्रॅक्टर फिरू लागला. खिळ्यावर नवी सुतळी चढेना. आयशाबीचं मशीन उशांचे अभ्रे शिवू लागलं. मी आत पडून विचार करायचे, झुलीला पाठ लागते. पाठ नसली तर मी फक्त घडी घातलेलं कापड.

अशात घरात टीव्ही आला. आयशाबीचा मुलगा रऊफ अकोला-बाळापूर ऑटो चालवायचा. अकोल्यातल्या कोणीतरी रंगीत टीव्ही घेतला आणि जुना काळा-पांढरा रऊफला देऊन टाकला. ठेवायला जागा कुठं? आमच्या पेटीवर! म्हणून झिपाकोला मी आधी ऐकलं, पाहिलं नंतर.

झिपाको म्हणजे जपानी कार्टूनातली पोरगी. हिंदीत बोलायची. पाच हजार साली आकाशात तरंगणाऱ्या एका शहरात राहायची आणि राक्षसांपासून ते शहर वाचवायची. कधी कपडे खाणारं पिसाळलेलं धुलाईयंत्र यायचं, कधी ढग गिळणारी लोखंडी अळी. झिपाको पाठीवर झूल टाकून उडायची. पण तिच्या पोशाखातली शक्ती पुरायची फक्त चार मिनिटं. ऐन मारामारीत ती हात पसरून जिथल्या तिथं थिजायची. मग तिची म्हातारी ओबादादी येऊन पाठीतली चावी फिरवायची. आणि ओबादादी कधीच वेळेवर यायची नाही! वाटेत कोणाशी गप्पा मारत उभी, कुठं लोणचं चाखत बसलेली.

"हिच्याकडंबी लोडशेडिंग हाये वं!" आयशाबी इतकी हसली की वर टीव्ही हलला आणि खाली पेटीत मी हलले.

कार्टून साडेपाचला लागायचं आणि पावणेसहाला लाईन जायची. गोष्टीचा शेवट कधी दिसलाच नाही. नात फलक रडवेली व्हायची. मग अंधारलेल्या पडद्यापुढं बसून आयशाबीच पुढचं सांगायची. तिच्या गोष्टीत ढग खाणारी अळी मन नदीच्या काठी उतरायची, ओबादादी तिला झाडूनं हाणायची आणि अळीच्या पोटातून आठ दिवसांचा पाऊस सुटायचा. हळूहळू मोहल्ल्यातली पोरं पावणेसहालाच येऊ लागली. टीव्हीचा भाग बुडाला तरी चालेल, आयशाबीचा बुडायला नको. त्या पोरांत आकांक्षाही असायची, फलकच्या वर्गातली. ती वामनरावाची नात. तिचा ऑटो साडेसहाला निघायचा, तोवर ती इथंच.

शाळेत सव्वीस जानेवारीचं गॅदरिंग आलं. मागच्या वर्षी फलक कविता म्हणायला उभी राहिली होती, दोन ओळींवर अडली आणि रडत खाली उतरली. तेव्हापासून ती वर्गात हातसुद्धा वर करत नसे. यंदा वर्गाच्या ललिताबाईंनी नाटकुलं बसवायचं म्हटलं, तेव्हा ती कशी कोण जाणे बोलून गेली, "मी झिपाको होते." घरी आल्यावर मात्र आजीला म्हणाली, "दादी, या खेपेले जमलं नाई ना, तं मी परत कधीच वर चढनार नाई."

झिपाकोला झूल हवी. घरात चमकणारं कापड आमच्याशिवाय नव्हतं. फलकनं टीव्ही उतरवून पेटी उघडली तशी आयशाबी ओरडली, "हात नको लावू! ते चांद्याची हाये."

"चांद्या हाये कुठी पण?"

आयशाबीनं पेटीचं झाकण दाणकन आपटलं. तीन दिवस आजी-नातीचा अबोला चालला. चौथ्या दिवशी आयशाबीनंच आकांक्षाच्या हाती निरोप धाडला आणि चार वर्षांनी वामनराव आमच्या दारात उभा राहिला. अंगानं अर्धा झाला होता.

आयशाबीनं मला त्याच्या मांडीवर पसरलं. तो बराच वेळ आरशांवरून बोट फिरवत राहिला.

"चांद्याची नं हे?"

"हौ. कापावं लागीन, वामनभाऊ. फलकच्या मापाची कराची हाये. तुमी नाई म्हना, तं पेटी बंद."

"भाबी, मी बैल विकले आन् तुमी झूल नाई विकली."  मग मला तिच्याकडं सरकवत म्हणाला, "कापा. पोरीची पाठ मोकळी काहून ठेवाची? फक्त आरसे नका काढजा."

आयशाबीनं खिळ्यावरची चांद्याचीच सुतळी काढली आणि फलकच्या पाठीला लावली. तिसऱ्या गाठीपर्यंत आली. कात्री लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण उरलेल्या तुकड्याचा ओबादादीसाठी कमरपट्टा झाला, म्हणजे आकांक्षासाठी. चावी म्हणून हातमशीनचं हँडल काढून फलकच्या पाठीवर नाडीनं बांधलं. आणि रंग? तो कोणी विचारलाच नाही. आमच्या टीव्हीवर झिपाकोची झूल राखाडी दिसायची, राखाडीत काहीही खपतं. आयशाबी म्हणाली, "लालच असन. जग वाचवाले निघालेली पोरगी फिक्या रंगात कशी जाईन?"

गॅदरिंगला मैदान भरलं होतं. बायकांच्या सतरंजीवर आयशाबी, पुरुषांकडे मागच्या ओळीत वामनराव. फलक मंचावर आली, ऊन माझ्या आरशांवर पडलं आणि पुढची पोरं डोळे चोळू लागली. तिनं हात पसरले. पहिलं वाक्य नीट म्हटलं. दुसरंही म्हटलं.

तेवढ्यात रंगीत टीव्हीवाल्या घरातलं एक पोरगं ओरडलं, "अबे, झिपाकोची तं निळी असते!"

दुसरं ओरडलं, "हे तं बैलाची झूल हाये! हुर्र, फलक, हुर्र!"

हशा उसळला आणि फलक थिजली. हात पसरलेले, तोंड उघडं. लोकांना वाटलं चार मिनिटं संपली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं काय ते मलाच ठाऊक. माझ्याखाली तिची पाठ गार पडली होती आणि काळीज असं धडधडत होतं की माझे आरसे थरथरत होते. आकांक्षानं येऊन हँडल फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. "फलक, उड ना वं," ती कुजबुजली. फलकच्या डोळ्यांत पाणी चढू लागलं. मागल्या वर्षीसारखंच.

तेव्हा बायकांच्या सतरंजीवरून कोणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठलं. आयशाबी आयुष्यात कधी मंचावर चढली नव्हती. वाट काढत निघाली. "सरका, सरका. कोनाच्या घरची चावी हाये हे? फिरवाले मीच लागते." पायरी चढता चढता तिनं थांबून श्वास घेतला, तेवढ्यात एका बाईला विचारलंही, "तुमची सून आली का माहेरून?" मैदान लोटपोट झालं. ही तर अस्सल ओबादादी!

वर येऊन तिनं त्या दोन पोरांकडे पाहिलं. "निळी धुवायले टाकली हाये, बाप्पा. एकच झूल घालून रोज रोज जग वाचवते का कोनी? तुयी आई नाई का सदरा धुवत?"

मग ती फलकच्या मागं आली. तिची बोटं माझ्या किनारीवरून फिरली, स्वतःचीच शिलाई चाचपत. हँडल धरलं. फलकच्या कानाशी वाकून इतक्या हळू बोलली की मलाच ऐकू आलं. "उशीर झाला बेटा, वाटेत लोक भेटले. आता उड."

एक फेरा. दोन फेरे. तिसऱ्याला पोरीच्या पाठीत ऊब परतली आणि ती अशी धावली की मी तिच्या मागं सपाट हवेत तरंगत होते! तिनं अळी मारली, ढग सोडवले, अख्खं नाटक म्हटलं, शिवाय नसलेली चार वाक्यंही. मागच्या ओळीत वामनराव रुमालानं डोळे पुसत होता. शेजाऱ्याला म्हणाला, "आरसे लय चमकते ना बे."

त्यानंतर आयशाबीच्या दाराशी पोरांची रांग लागली. बैलांविना पडून राहिलेल्या झुली एकेक बाहेर निघाल्या, प्रत्येकीच्या मालकाला विचारून मगच कापल्या. खिळ्यावर पोरांच्या सुतळ्या चढल्या. कोणी निळी मागितली की उत्तर ठरलेलं, "निळी धुवायले टाकली हाये."

कार्टून कधी संपलं कळलं नाही. शेवटच्या भागालाही लाईन गेली होती. शेवट आयशाबीनं सांगितला, आणि मोहल्ल्यात तोच खरा धरतात.

तीन वर्षांनी वामनराव पुन्हा आला. सोबत गोऱ्हा, घरच्या गाईचा. नाव आकांक्षानं ठेवलेलं, झिप्या! आयशाबीला आता नीट दिसत नव्हतं. तिनं सुतळी लावली, बोटांनी गाठी मोजल्या आणि हसली. "अवं, तिसरी गाठ. हे तं फलकचंच माप!"

फलक तोवर ताडमाड झाली होती, मी तिच्या कमरेपर्यंतही पुरत नव्हते. तिनंच मला आणून झिप्याच्या पाठीवर टाकलं.

त्या पोळ्याला मी पहिल्यांदा तोरणाखाली उभी राहिले. डफडी वाजली आणि झिप्या घाबरून जागीच थिजला. ओढा, ढकला, हलेना. फलक गर्दीतून त्याच्या मागं गेली आणि हवेतच चावी फिरवल्यासारखा हात फिरवू लागली. एक, दोन, तीन. झिप्या निघाला. माशी चावली म्हणणारे म्हणोत.

आता मी वामनरावाच्या घरी खुंटीवर असते. एक आरसा तडकलाय, गोंडे विरलेत, पण पोळ्याला पाठ मिळते. एकच मागणं आहे, वामनभाऊ. माझी जुळी बहीण अजून बाळापूरच्या पेटीत अख्खी पडून आहे. तुऱ्याची सुतळी आयशाबीनं खिळ्यावरून उतरवलेली नाही. गाय परत गाभण आहे म्हणे. गोऱ्हा झाला, तर त्याला घेऊन लवकर जा. आयशाबी अजून दाराशी बसते आणि बैलाच्या घुंगरांचा आवाज आला की तिचा हात आधी खिळ्याकडे जातो.