नाण्यावरच्या फुलामागचा दगड

मी एक जुना रानकंद आहे. किती जुना, ते विचारू नका. वय सांगितले की माणसे पुढे किंमत विचारतात. पाण्याच्या एका मोठ्या टाकीमागे उतार आहे, तिथे मी राहतो. वर्षातून नऊ दिवस मला एकच जांभळे फूल येते. ते तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखे दिसते, म्हणून टाकीवरचा रखवालदार मला ‘टोपडं’ म्हणतो. अभ्यासकांनी दिलेले माझे नाव फार लांबलचक आहे. ते मला स्वतःलाही नीट येत नाही.

मित्रांनो, मी जन्मतः संशयी नव्हतो. या उतारावर पूर्वी आम्ही पुष्कळ होतो. मग कुणी फुले तोडून नेली, कुणी कुंडीत लावायला कंद उपटून नेले. जागा बदलली की आमची मुळे तग धरत नाहीत. नेलेल्यांपैकी एकही जगला नाही. शेवटी आम्ही सात उरलो, आणि त्यातही फुलणारा मी एकटाच. बाकीचे सहा माझ्याच बियांतून आलेले, अजून पोरवयाचे. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी तर पावसाचे पाणीसुद्धा आधी थोडे चाखून बघतो.

माझा पहिला संशय रखवालदारावर होता. त्याची खोली माझ्यापासून बारा पावलांवर आहे. खिडकीतून सगळे दिसते. टेबल, चहाचे पातेले, टाकीतले पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी आणि तिच्यावरच्या बारीक रेघा वाचायचे त्याचे भिंग. माणूस अगदी कमी बोलणारा. दर वर्षी मी फुललो रे फुललो की तो एक मोडकी टोपली आणून माझ्यावर पालथी घालायचा आणि वरून पालापाचोळा टाकायचा. वर्षभर वाट पाहून नऊ दिवस मिळायचे, तेही टोपलीखाली! गोगलगाय आणि पोटात पाय, असे मी त्याच्याबद्दल मनाशी म्हणायचो. टोपलीच्या बुडाला त्याने मुद्दाम भोक पाडले होते, त्यातून मधमाश्या आत यायच्या आणि शेळ्यांची तोंडे मात्र बाहेरच राहायची, हे मला कधी सुचलेच नाही. संशयी डोळ्यांना सोयीचे तेवढेच दिसते.

एके वर्षी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई एका माणसाला घेऊन आल्या. तो टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरायचा. दुर्मीळ रानफुलांची नाणी निघणार होती, बाजारात चालवायची नव्हेत, हौशी संग्राहकांनी डबीत ठेवून बघायची. त्यातल्या एका नाण्यासाठी माझी निवड झाली होती. बाईंनी उतारावर पाऊल टाकण्याआधी त्याच्याकडून वचन घेतले, की ही जागा कुणाला सांगायची नाही.

तो तीन दिवस माझ्यासमोर पालथा पडून होता. मी सावधच होतो. आता हात पुढे येईल, मग येईल, असे म्हणत मी पाकळ्या आवळून बसलो. पण त्याने मला बोटही लावले नाही. आपला श्वास माझ्यावर पडू नये म्हणून तो मान वळवून श्वास सोडायचा. माझी शीर न् शीर त्याने कागदावर उतरवली. माझ्या पाठीशी हद्दीचा एक दगड उभा होता, गुडघ्याएवढा. त्याच्या माथ्यावर या टाकीच्या हद्दीची खूण म्हणून तीन खाचा होत्या, डावा कोपरा फुटलेला होता आणि अंगात गंजलेली कडी होती. त्याने तोही तितक्याच मायेने काढला. जाताना पेन्सिलीची सालेसुद्धा वेचून खिशात टाकली. मला वाटले, जगात एक तरी सरळ माणूस आहे. त्या दिवशी मी माझा संशय बाजूला ठेवला, आणि तिथेच फसलो.

पुढच्या वर्षी माझे फूल गळून गेले होते, पाने अजून हिरवी होती, तेव्हा ते नाणे आले. कोरणाऱ्याने रखवालदाराला आठवणीने पाठवले होते. रखवालदाराची बायको त्याचा डबा घेऊन आली होती. दोघे खोलीच्या पायरीवर बसून नाणे बघू लागले. माझी इतकी स्तुती झाली की माझी पाने ताठ उभी राहिली. रखवालदार मात्र आत जाऊन भिंग घेऊन आला आणि नाण्याची रेघ न् रेघ तपासू लागला.

“फूल छान काढलंय,” बायको म्हणाली.

“फूल नको बघूस. मागे काय काढलंय ते बघ.”

तिने भिंग डोळ्याशी धरले. तीन खाचा, फुटका कोपरा, कडी. तिचा चेहरा उतरला. कोरणाऱ्याने वचन पाळले होते. तोंडाने त्याने कुणाला काही सांगितले नव्हते. पण समोर दिसते त्यातली एक रेघ जरी गाळली तरी ते खोटे काम, असे शिकून त्याची हयात गेली होती. आता माझा पत्ता हजारो डब्यांमध्ये जाऊन बसला होता.

दगड इथून हलवायचा, असे रखवालदाराने ठरवले. दगड सरकारी आहे, कळले तर नोकरी जाईल, आणि निवृत्तीला तीनच वर्षे राहिली आहेत, याची बायकोने त्याला आठवण करून दिली.

“मग टोपडं हलवू?” त्याने विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. “ते मरेल,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरून आणखी एक पहार घेऊन आली.

स्तुतीपलीकडचे मला यातले काय कळणार? दोन पहारी माझ्या दिशेने येताना दिसल्या आणि मी समजलो, की आपले दिवस भरले. त्यांनी माझ्या पाठीचा दगड उखडला. तो ढकलत ढकलत चाळीस पावलांवर नेला आणि तिथे उभा केला. जुन्या खड्ड्यात माती भरून त्यांनी गवताचे बी टाकले. दुपारच्या उन्हात माझ्यावरची सावली गेली आणि मी त्या दोघांना पोटभर शिव्या दिल्या.

काही महिन्यांनी मी जमिनीखाली झोपलो असताना अनोळखी पावले वाजली. दोघे होते, असे रखवालदार संध्याकाळी बायकोला सांगत होता, ते मी ऐकले. एकाच्या हातात नाणे होते, दुसऱ्याच्या हातात खुरपे. फूल कुठे उगवते म्हणून त्यांनी रखवालदाराला विचारले. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग त्यांनी स्वतःच दगड शोधला, खाचा मोजल्या आणि भोवतालची जमीन उकरली. तिथल्या रानकांद्याचे चार गड्डे माझेच कंद समजून पिशवीत घालून ते आनंदाने निघून गेले. टोपलीचा आणि पहारीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मला फार लाज वाटली.

पुढच्या बहराला कोरणारा एकटाच आला. तो थेट दगडापाशी गेला. उकरलेली जमीन पाहून तो रिकाम्या खड्ड्यात हात घालून चाचपू लागला. मी टोपलीखालून, पाचोळ्याच्या फटीतून बघत होतो.

“मी कुणाला सांगितलं नव्हतं हो,” तो मातीला म्हणत होता.

सांगू नकोस, असे मी रखवालदाराला मनातल्या मनात बजावले. मग तो माणूस तीच माती पुन्हा पुन्हा चाळताना दिसला आणि सांगून टाक, असेही वाटले. रखवालदाराने काचेची नळी वाचली, चहा केला, आणि कोरणाऱ्याला खोलीत बोलावून एक पेला त्याच्या हातात दिला. चहा संपल्यावर म्हणाला, “खिशात कागद आहे?”

“आहे.”

“पेन्सिल?”

“आहे.”

“दोन्ही टेबलावर ठेवा आणि चला माझ्याबरोबर.”

टोपली उचलली गेली. कोरणारा माझ्यासमोर बसला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायलासुद्धा त्याने हात पुढे आणला नाही.

मित्रांनो, एवढीच माझी विनंती आहे. रानातल्या फुलाला भेटायला या, पण रिकाम्या हातांनी या आणि रिकाम्या हातांनीच परत जा. घरी कुणी विचारले तर फूल कसे होते ते सांगा, कुठे होते ते सांगू नका. माझी सहा पोरे अजून फुलायची आहेत. राग मानू नका, तुम्ही चांगलेच असाल. पण दगड चाळीस पावलांवर नेला, असे मी मघाशी म्हणालो ना, तो आकडा खरा आहे असे धरून चालू नका.