उतरलेला काटा

"चतुरा, कुणाला पटायचं नाय, तुला तर नाहीच नाही, पण आज म्या डॉक्टरला प्रेशर शिकवून आलो!"

कडूबानं उंबऱ्यातूनच आरोळी ठोकली. रिपोर्टाची पिशवी मात्र पाठीमागं धरली. चतुराबाई बाजेवर उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम पुरत नव्हता. पाय सुजून खांबासारखे झालेले.

तीस वर्षं कडूबा पाण्याच्या लाइनीवर वॉल्व्हमन होता. गावाबाहेर इमारती उगवत गेल्या, चढावरच्या गल्लीची धार करंगळीएवढी झाली, तरी हा बायांना हंडे मांडायला लावायचा. जायकवाडीचा तळ उघडा पडला त्या साली त्यानं नुसत्या थापांवर गल्ली महिनाभर झुलवली होती.

"काळजात दोन पंप," तो बाजेशी बसला. "डावा अंगभर रक्त फेकतो. उजवा नुसता फुप्फुसाला. रक्त दोघांनाबी सारखंच ढकलायचं, पण उजव्याला प्रेशर लई कमी लागतं. कारण तिथं बारीक गल्ल्या लाखोंनी. रक्त वाढलं की बंद गल्ल्याबी उघडतात, प्रेशरचा काटा चढतच नाय."

"आन माझ्या?"

"तुझ्या आवळल्या होत्या. मागल्या खेपेला तिथलं प्रेशर ऐंशी. परवाच्या तपासणीत किती? पन्नास! म्या म्हणलं, सायेब, गल्ल्या उघडल्या. डॉक्टरनं उठून मला चहा पाजला."

डॉक्टरनं चहा पाजला नव्हता. दार लावून घेतलं होतं, आणि खालच्या आवाजात सांगितलं होतं, की काका, आकडा उतरला म्हणून खूश होऊ नका. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवून घ्या.

"मग सोनियाला?" चतुराबाईनं विचारलं. लेक पुण्याला होती. "आत्ताच बोलवायचं, का दिवाळीला?"

"दिवाळीला! तवर तू हंडा घेऊन चढ चढशील."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. गल्लीतल्या बाया धावल्या. चतुराबाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"अवो, त्या दुष्काळात तुम्ही असेच नाचत आलता. काटा उतरला, लाइन मोकळी झाली म्हणून." ती थांबली, श्वास गोळा केला. "मी हंडे मांडले. नळाला थेंब नव्हता."

"ती गोष्ट येगळी..."

"लाइन चोंदलेलीच होती. पंपाची मोटार दमली होती, म्हणून काटा उतरला. तुम्हीच सांगितलं मला, दुसऱ्या दिवशी, ती जळाल्यावर."

कडूबा पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

"गल्ल्या उघडल्या असत्या तर मला दम आला असता. काल मोरीपर्यंत जात होते. आज तांब्या उचलंना." तिनं हात पुढं केला, रिपोर्टासाठी नाही, फोनसाठी. "लावा सोनियाला. साफ झूट बोलताय तुम्ही."