हातब्रेक

काचेच्या नळीत पाणी अर्ध्यावर होतं — म्हणजे बॉयलर ठीक आहे, असं फकीरच्या मनात आपसूक आलं, आणि मग दिसलं की सुनेनं, आफशीननं, इंजिनाच्या बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या, त्यानं घरी जपलेल्या त्या जुन्या नळीला खालून बूच लावून तिच्यात मनीप्लांटची काडी खोचली आहे. दारात दोधू उभा होता. फकीर कागद गिरणीचं इंजिन चालवायचा तेव्हा भट्टीत कोळसा टाकणारा त्याचा फायरमन, आता त्याच बंद पडलेल्या गिरणीचा वॉचमन.

"ब्रेक सुटी नही ऱ्हायना, फकीरभाई," दोधू म्हणाला. "तुम्हले बलावी ऱ्हायनात."

भंगारवाल्यांनी शेड उघडली होती. इंजिन ओढून बाहेर काढायचं आणि गॅसनं कापायचं. पण चाकं जाम होती. शेवटच्या फेरीनंतर तीस वर्षांपूर्वी फकीरनंच हातब्रेक आवळून ठेवला होता, आणि तो कसा सुटतो हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नाही म्हणता आलं असतं... पण तो दोधूच्या मोटारसायकलवर बसला.

गिरणीपासून मोठ्या लाइनीपर्यंत साडेचार किलोमीटर. रूळ केव्हाच उचलून नेलेले, भरावावर बाभळी, आणि मोटारसायकल त्या भरावाच्या कडेनं चाललेली. इथून बांबूचे डबे जायचे, ओल्या बांबूचा आणि कोळशाचा वास एकमेकांत मिसळायचा, शिट्टी ऐकून निंदणाऱ्या बायका भाकरी सोडायला बांधावर यायच्या. दोधू मध्येच काही सांगत होता. फकीर फक्त हूं म्हणत होता, कारण ती वळणाची जागा जवळ येत होती, जिथे सिग्नल होता.

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पावसात विसरवाडीचा रस्ता बंद होता. त्याच्या बायकोला, गुलशनला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, आणि त्यानं तिला इंजिनावर घेतलं, नवापूरच्या दवाखान्यात न्यायला. सिग्नल लाल होता. मोठ्या लाइनीवरून मालगाडी जायची होती. त्यानं हातब्रेक आवळला, सिग्नल लवकर मिळावा म्हणून दोधूला पायी केबिनवर पिटाळलं, आणि थांबला — नियम होता म्हणून थांबला, अठरा मिनिटं — आणि तेवढ्यात, कोळशाच्या धुळीत अंथरलेल्या त्याच्या कोटावर मुलगी झाली. ती रडली. एकदाच, वाफेच्या सुस्काऱ्यापेक्षाही बारीक. गुलशननं तिच्या कानात नाव सांगितलं, तमन्ना. मग सिग्नल पडला, वाट मोकळी झाली; तोवर ती गेली होती.

सगळ्यांना गुलशननं सांगितलं की मुलगी मेलेलीच जन्मली. दोधूलासुद्धा. त्या अठरा मिनिटांबद्दल नवऱ्याला कुणी काही विचारू नये म्हणून, हे त्याला कळत होतं. आणि त्यानंतर आमीर झाला, त्याचं लग्न झालं, तीन वर्षांपूर्वी गुलशन स्वतः गेली, पण तोवर दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

शेडमध्ये इंजिन होतं तसंच होतं, फक्त लहान वाटलं. भंगारवाल्यांचा मुकादम अदबीनं बाजूला झाला. फकीर पायऱ्या चढला, गुडघे दुखले. ब्रेकचं चाक आधी सोडायचं नसतं, आधी अर्धा फेरा आणखी आवळायचं असतं... त्यानं तेवढं आवळलं, दोधूला खालच्या दांड्यावर हातोडी मारायला सांगितली, आणि तो ठोके देत असताना चाक उलटं फिरवलं. ते फिरलं. इतकं सहज फिरलं की त्याला रडू आलं. त्या दिवशीही एवढंच फिरवायचं होतं, सिग्नल लाल असताना.

"तुम्हना हात लागना अन् सुटनं," दोधू खालून म्हणाला.

साखळी ताणली गेली, इंजिन उन्हात आलं. फकीर मागे वळून न पाहता निघाला.

घरी आफशीननं पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "सुटला का, अब्बा?" त्यानं मान हलवली. वाटलं होतं, इंजिन हललं की तमन्नाचं ते रडणं निदान थोडं दूर जाईल... गेलं नव्हतं. उलट त्या रडण्याला आता दुसरी जागाच नव्हती. शेड नाही, गुलशन नाही. फक्त तो, आणि तो अडुसष्टचा. आफशीन रिकाम्या पेल्यासाठी हात पुढे करून उभी होती. त्यानं पेला दिला नाही. तिनं आत जाऊ नये एवढंच त्याला कळत होतं — पण तिला सांगायला सुरुवात कुठून करायची, पावसापासून, की नावापासून...